न आटणारी विहीर

नळ

रोज कावेरीचं पाणी पहाटे साडेपाचला येतं आणि सातला जातं. या दीड तासात जे. पी. नगरच्या त्या पहिल्या मजल्यावर कुणी कुणाशी नीट बोलत नाही. त्या रविवारी तर मनस्विनीला बादल्या, बाळाचे लंगोट, पूजेची परडी आणि नवरा अशा चार गोष्टी एकदम हलवायच्या होत्या. नऊच्या आत सासरच्या गावी, नेरळेकेरेला पोचायचं होतं, आणि नळ अनुसूयाअक्कांनी अडवून धरला होता.

अक्का म्हणजे मनस्विनीच्या सासऱ्यांची थोरली बहीण. वय एक्क्याऐंशी, विधवा होऊन साठ वर्षं, आणि मडी-सोवळ्याच्या बाबतीत अजून कुणाला हरलेल्या नव्हत्या. डोळे तपासून घ्यायला त्या चार दिवस भाच्याकडे राहिल्या होत्या. येताना त्या कायम गावच्या विहिरीचं पाणी तांब्याच्या मोठ्या घागरीतून आणत, ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवत आणि तिला कुणी शिवायचं नाही असं बजावत. नळाचं पाणी कसल्या पाइपातून येतं कोण जाणे, असं त्यांचं म्हणणं. जाताना मात्र घागर रिकामी नेणं बरं नव्हे म्हणून तीच नळाखाली धरून गळ्यापर्यंत भरत. तिकडे गेल्यावर तुळशीला घालतात, असं मनस्विनी समजून होती. एक अख्खी घागर एका तुळशीला. सासरी येऊन एकतीस वर्षं झाली तरी तिने असल्या प्रश्नांची उत्तरं कधी मागितली नव्हती. म्हणून तर एकतीस वर्षं झाली होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीतला मनीप्लँट तीन वर्षांत छताला टेकून परत खाली आला होता. याला कुठलं खत घालता, असं शेजारची मल्याळी बाई दोनदा विचारून गेली होती. मनस्विनी त्याला काहीच घालत नव्हती.

आतल्या खोलीत रम्या मुलीला पुसत होती. डॉक्टरांनी सहा महिने काही देऊ नका म्हणून सांगितलंय, हे ती आईला या आठवड्यात चौथ्यांदा सांगत होती. मनस्विनीनेही चौथ्यांदा सांगितलं की मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, पाचव्या नाहीतर सातव्या, आणि सातव्यात जावई अमेरिकेला जाणार. जावई तसे आजही येणार नव्हते. दोन हजार साल उजाडलं की सगळे कॉम्प्युटर तारीख विसरणार होते, आणि ते टाळण्यासाठी ते रविवारीसुद्धा इलेक्ट्रॉनिक सिटीत बसले होते.

हयवदन दाढी करून बाहेर आला. त्याच्या काखेत तपकिरी कागदाचं एक पुडकं होतं. त्यात काय आहे असं मनस्विनीने विचारलं. काही नाही, छापलेले कागद, असं म्हणून त्याने ते गाडीच्या डिकीत स्वतः नेऊन ठेवलं आणि मग बायकोच्या नजरेला नजर न देता, शेवटचा तांब्याभर साबणाचा फेस मोरीत ओतला, जिथून तो

मोरी

खाली रस्त्याखालच्या गटारात, तिथून ओढ्यात गेला. या ओढ्याला कागदोपत्री अजून राजकालुवे म्हणतात, राजाचा कालवा. पूर्वी यातून पावसाचं पाणी एका तलावातून दुसऱ्यात, दुसऱ्याच्या सांडव्यावरून तिसऱ्यात असं उतरत जायचं. उतार तोच राहिला. पाणी तेवढं बदललं. जे. पी. नगरचं पाणी असं पूर्वेकडे उतरत उतरत काही दिवसांनी नेरळेकेरेच्या तलावाला मिळतं आणि तिथे थांबतं, कारण थांबवण्यासाठीच तो बांधलेला आहे.

हे आपोआप झालं नव्हतं. एकोणऐंशी साली तलाव तळाला गेला तेव्हा शहराचं पाणी आमच्याकडे वळवा असा अर्ज गावाने केला होता. अर्ज मनस्विनीच्या सासऱ्यांनी, विश्वासरावांनी लिहिला, कारण गावात इंग्रजी त्यांचंच चांगलं. पाणी आलं त्या दिवशी त्यांनी तूबूला, म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडायच्या दगडी तोंडाला, झेंडूचा हार घातला. पाणी काळं होतं. हे सुपीक आहे, असं त्यांनी लोकांना सांगितलं, आणि ते खरं ठरलं. पहिल्या वर्षी भात इतका माजला की ओंबी धरायच्या आत आडवा पडला. मग गावाने भात सोडला आणि सोप्पु धरला. पालेभाजीला उंचीची अडचण नसते. पालक, कोथिंबीर, दंटु, मेथी, बारा महिने. तलावातले जुने मासे गेले आणि दुसरे आले, जे काहीही खातात. तूबूजवळ काम करणाऱ्या बायकांच्या पायांना खाज सुटायची. ती पाण्याची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्या पुढच्या वाफ्यात उतरायच्या.

दरम्यान आजूबाजूच्या गावांत बोअर पाडायची शर्यत लागली होती. दोनशे फूट, चारशे, सातशे. जितके बोअर खोल गेले तितकं पाणी आणखी खाली गेलं. उघड्या विहिरी एकेक करून कोरड्या पडल्या आणि त्यांत लोक कचरा टाकू लागले. फक्त विश्वासरावांची विहीर, तलावाच्या बांधापासून साठ पावलांवरची, एप्रिलमध्येही अठरा फुटांवर भरलेली असे. शहाजीराजांच्या बरोबर आलेल्या मूळपुरुषाने खणलेली विहीर. पुण्याई म्हणतात ती ही, असं विश्वासराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आणि कुणीही, इंजिनियर झालेल्या थोरल्या मुलानेसुद्धा, बांधापासून विहिरीपर्यंतची साठ पावलं कधी मनात मोजली नाहीत.

विहीर

श्रीहर्षने मोजली होती. ते सुद्धा हट्टाने नव्हे. त्याला ठिबकच्या तोट्या साफ करायच्या होत्या.

विश्वासरावांचा हा धाकटा मुलगा सत्तेचाळीस वर्षांचा, लग्न न केलेला, आणि आठ एकरांत राहणारा घरातला एकटाच खरा शेतकरी. खालच्या पाच एकरांत तलावाच्या पाटाचं पाणी सोप्पूला जायचं. वरच्या भागात त्याची द्राक्षं. गेल्या वर्षी त्याने द्राक्षांना ठिबक बसवलं, झाडागणिक थेंब, पाण्याची नासाडी नको म्हणून. विहिरीचा पंप जोडला आणि आठव्या दिवशी सगळी तोंडं बुळबुळीत शेवाळाने बुजली. साफ केली, पुन्हा बुजली. कुठलं अ‍ॅसिड वापरावं हे विचारायला त्याने पाण्याची बाटली एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन दिली. तिथल्या माणसाने अ‍ॅसिडचं नाव लिहून दिलंच, पण खाली आणखी दहा ओळी लिहिल्या, ज्या श्रीहर्षने विचारल्या नव्हत्या.

तो कागद गेले अकरा दिवस त्याच्या शर्टाच्या खिशात होता. शर्ट बदलला की कागद नव्या खिशात जायचा.

प्रकरण साधं होतं आणि म्हणूनच त्यातून वाट नव्हती. व्हाइटफील्डच्या बाजूने काचेच्या इमारती सरकत सरकत गावाच्या वेशीपर्यंत आल्या होत्या. हयवदनने स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून एका बिल्डरशी बोलणं चालवलं होतं. दिवाळीत त्यावरून दोघा भावांचं पंगतीतच वाजलं, आणि विश्वासरावांनी हातातला घास खाली ठेवून निकाल दिला. या घरातलं प्रत्येक मूल या विहिरीच्या पाण्यातल्या पायसाने उष्टावलंय. ज्या दिवशी हे पाणी घरच्या लेकराच्या तोंडी लावता येणार नाही, त्या दिवशी जमीन विका. तोवर तो विषय या घरात काढायचा नाही. श्रीहर्ष त्या रात्री दोन वाट्या पायस जास्त जेवला होता.

आता तोच निकाल त्याच्या खिशात चुरगळत होता. बोललं तर जमीन जाते. नाही बोललं तर रम्याची मुलगी संयोगिता, जिचं नाव तिच्या वजनापेक्षा जड होतं, आज साडेदहाला

तेवढ्यात फाटकाशी मारुती थांबली. रम्या मुलीला घेऊन उतरली आणि दारावर खडूने लिहिलेली कानडी अक्षरं वाचून हसली. 'नाळे बा.' उद्या ये. येताना गावातल्या प्रत्येक दारावर हेच दिसलं, काका, तुमच्याही? श्रीहर्षने सांगितलं की कुणी एक बाई फिरते म्हणतात, अंधार पडल्यावर, घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की खेळ संपला. पण तिला वाचता येतं. उद्या ये असं वाचलं की ती परत जाते, आणि दुसऱ्या दिवशी आली की पुन्हा तेच वाचते.

"अप्पा बी. ए. आहेत ना?" रम्याने आजोबांबद्दल विचारलं.

"अप्पांनीच लिहिलंय. अक्षर बघ."

अक्का घागर सांभाळत उतरल्या. हात लावू देईनात. दोन्ही हातांनी ती कमरेवर घेऊन त्या थेट आत गेल्या, आणि स्वयंपाकघरात आता पायस होईपर्यंत कुणी पाऊल टाकायचं नाही असं आतून ऐकू आलं. श्रीहर्ष हयवदनला म्हणाला, अण्णा, स्वल्प विहिरीकडे येतोस?

दोन कागद

हयवदनला वाटलं, भांडण काढतोय. भांडणाची त्याची तयारीही होती. म्हणून श्रीहर्षने खिशातून कागद काढून त्याच्या हातात दिला आणि तू जिंकलास म्हणाला, तेव्हा त्याला आधी काही समजलंच नाही.

"हे तू सांग अप्पांना," श्रीहर्ष म्हणाला. "मला जमत नाही. तुझं काम होतंय, तूच सांग."

हयवदनने चष्मा लावला. त्याच्या खिशातही एक कागद होता, डिकीतल्या पुडक्यातला. गेले दोन दिवस त्याला तो पाठ झाला होता, त्यामुळे आता वाचताना दोन्ही कागद एकमेकांत मिसळू लागले:

*तीनशे वर्षांची ऐतिहासिक विहीर*
नायट्रेट: मर्यादेच्या अडीच पट
*भर उन्हाळ्यातही न आटणारं गोड पाणी*
मैलापाण्यातील जंतू: आढळले
*आपल्या चिमुकल्यांसाठी निसर्गाच्या कुशीत*
सहा महिन्यांखालील मुलांना कोणत्याही स्वरूपात देऊ नये. रक्त प्राणवायू धरत नाही. ओठ, नखं निळी पडतात
*आजच नोंदणी करा*

विहिरीत पाणी निवांत होतं. वर आकाश, कडेला शेवाळ, मध्ये एक बेडूक. दिसायला काहीच वाईट नव्हतं, हीच तर अडचण.

बिल्डरने घराण्याची परवानगी गृहीत धरून पत्रकं छापली होती. विहिरीची कल्पना हयवदनचीच. नुसती जमीन सगळेच विकतात, पाणी कोण विकतं, असं त्याने बिल्डरला म्हटलं होतं. हा कागद आज सर्वांसमोर आला तर अप्पा विका म्हणतील. आणि विकायला काय उरेल?

पाणी उकळून घेऊ, असं तो म्हणाला.

उकळून नायट्रेट जात नाही, श्रीहर्षने सांगितलं. पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं. म्हणजे वाढतंच.

"मग थोडंच उकळू."

श्रीहर्षने भावाकडे पाहिलं. छप्पन्न वर्षांचा हा माणूस कारखान्यात तीस वर्षं दर्जा-तपासणी विभागात होता.

"अण्णा, तुझी नात आहे."

"माझी आहे म्हणूनच म्हणतो. आपण अंगठीचं टोक बुडवतो. ते ओठाला लागतं. किती लागतं?" त्याने कागदाची घडी घातली, परत केली नाही, खिशात ठेवली. मग जरा वेळाने, वेगळ्याच आवाजात विचारलं, "कुठून आलं रे हे पाणी?"

"तलावातून."

"आणि तलावात?"

श्रीहर्षने हात करून पश्चिमेकडे दाखवलं, शहराकडे, साधारण जे. पी. नगरच्या दिशेने.

परत येताना दोघे भाऊ बरोबर चालत होते. दिवाळीनंतर पहिल्यांदा. माडीवरून मनस्विनीने ते पाहिलं आणि अप्पांना म्हणाली, बघा, उष्टावणाचा दिवस किती चांगला धरलात.

पायस

रम्याला फक्त एवढं कळत होतं की काका आणि बाबा दोघेही तिच्या मुलीकडे बघत नाहीत.

विश्वासराव पाटावर बसले. जरीचं उपरणं, कपाळाला गंध, एकोणऐंशी वर्षांचे गुडघे मांडी घालायला अजून तयार. संयोगिता त्यांच्या मांडीवर. पुढे चांदीच्या वाटीत पायस, वाफा येणारं, आणि वाटीशेजारी सोन्याची अंगठी. अंगठी पायसात बुडवायची आणि बाळाच्या जिभेला लावायची. अक्का दाराशी उभ्या होत्या, पदर हातात धरून, जसं काही त्या दुसऱ्याच कुणाच्या स्वयंपाकाला आल्यात.

विश्वासरावांनी आधी थोडं भाषण केलं. ते ठरलेलं होतं. मूळपुरुष, विहीर, कातळ लागल्यावर त्याने केलेला उपास, सातव्या दिवशी लागलेला झरा. मग एकोणऐंशीचा दुष्काळ, ज्यात ही एकटी विहीर टिकली. ही गोष्ट खरी नव्हती, त्या वर्षी विहीरही आटली होती आणि अर्ज म्हणूनच लिहिला होता. पण भाषण वीस वर्षं जुनं झालं की दुरुस्त करता येत नाही.

त्यांनी अंगठी उचलली.

श्रीहर्षने भावाकडे पाहिलं. हयवदन दारावरच्या आंब्याच्या पानांकडे बघत होता, एकेक पान तपासल्यासारखा. हयवदनच्या मनात होतं, आता श्रीहर्ष बोलेल. श्रीहर्षच्या मनात होतं, कागद अण्णाच्या खिशात आहे. अंगठी वाटीत गेली. बाहेर आली. तिच्या कडेला एक शीत चिकटलं होतं. संयोगिताने ते पाहून तोंड उघडलं, कारण पाच महिन्यांची मुलं चकाकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला तोंड उघडतात.

"अप्पा, थांबा," श्रीहर्ष म्हणाला. "हे पाणी तिला चालायचं नाही."

कुणी ओरडलं नाही. अंगठी हवेत राहिली. श्रीहर्षने उरलेलं सगळं एका दमात सांगितलं, तोट्या, शेवाळ, बाटली, निळी नखं. आणि शेवटी, म्हणजे विका आता, असंही स्वतःच सांगून टाकलं, जणू दुसऱ्या कुणी सांगितलं तर जास्त दुखेल. विश्वासरावांनी पुरावा मागितला. "अण्णाच्या खिशात आहे."

रम्या उठली. आजोबांच्या मांडीवरून मुलगी घेतली, वडिलांसमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. हयवदनने खिशातून कागद काढला. घाईत दुसराही बाहेर आला. तिने दोन्ही वाचले. उभ्यानेच, दोन्ही, पूर्ण.

"बाबा, तुम्हाला हे कधी कळलं?"

"नऊ वाजता."

"आत्ता पावणेअकरा झालेत."

हयवदनने काहीतरी सांगायला सुरुवात केली, अंगठीच्या टोकाला किती लागतं याबद्दल. मनस्विनी म्हणाली, पुरे. एकतीस वर्षांत हा शब्द तिने नवऱ्याला पहिल्यांदाच वापरला असावा, कारण तो खरोखर थांबला.

तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या अक्का म्हणाल्या, "पायस द्या तिला द्यायचं तर. निवतंय. कावेरीचं आहे ते."

सगळे वळले.

"घागर भरून आणते ती कशाला? तुळशीला?" अक्का पदर सोडून पुढे आल्या. मग त्यांनी सांगितलं, तक्रारीच्या सुरात नव्हे, भाजीत मीठ किती घातलं हे सांगावं तसं. तीन वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यात तूरडाळ शिजेना. मग भांड्याला कडा बसू लागली. मग एक दिवस घागरीत वाकल्यावर वास आला, साबणाचा. हयवदनकडे न्हाणीघरात येतो तोच. तेव्हापासून देवाचं आणि पायसाचं सगळं नळाचं. आणि रोजचं पिण्याचं गावच्या बोअरचं, भाजीच्या टेम्पोवाल्या मुनियप्पाच्या बायकोकडून, गुपचूप.

"आणि आमच्याकडे आणता ते?" मनस्विनीने विचारलं.

"तुझ्या त्या वेलाला."

मनस्विनीला खिडकी आठवली.

विश्वासराव अजून अंगठी धरून बसले होते. गेल्या चैत्रात याच पाटावर बसून त्यांनी विहिरीच्या तीर्थाची चव कशी बदलली नाही हे सर्वांना सांगितलं होतं आणि सर्वांनी मान हलवली होती. "अक्का," ते म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू विकलं असतंस. शब्दाचा पक्का ना तू." अक्कांनी वाटी झाकली. "मग मी मडीने कुठे बसू? त्यांच्या गच्चीवर, टाकीशेजारी?"

विश्वासरावांनी अंगठी पुसली. पुसायला बराच वेळ घेतला. मग ते हयवदनला म्हणाले की शब्द दिला होता, तो दिला होता. लेकराच्या तोंडी हे पाणी लावता येत नाही. विक.

सगळ्यांना वाटलं, हयवदनचा चेहरा उजळेल. तो म्हणाला, अप्पा, इतक्या तातडीने कशाला. जरा थांबू. पाऊस पडला की पाणी सुधारेल कदाचित.

रम्याने पत्रक उलटं करून त्याच्यासमोर ठेवलं. ज्यांना विकाल त्यांना दुसरा कागद दाखवणार का, एवढंच तिने विचारलं. हयवदनने पुन्हा आंब्याची पानं तपासायला घेतली.

संयोगिताला त्या दिवशी काहीच मिळालं नाही. कावेरीचंसुद्धा नाही. सहा महिने म्हणजे सहा महिने, असं रम्या म्हणाली. आणि विषम महिन्याचं नाव कुणी काढलं नाही.

पान

तरी जेवायचं होतंच. केळीची पानं मांडली गेली. पायस सगळ्यांनी खाल्लं आणि चांगलं झालंय असं कुणी म्हटलं नाही, कारण मग कुणाचं कौतुक केलं असा प्रश्न आला असता. सोप्पूचं सारु दोनदा फिरलं. दंटूची भाजी, कोथिंबिरीची चटणी, काकडीच्या कोशिंबिरीवर हिरवीगार मेथी. श्रीहर्षच्या शेतातली भाजी बाजारात वेगळी ओळखू येते, पानं तळहाताएवढी असतात.

रम्याचा घास तोंडाशी थांबला.

"काका, ही भाजी कुठल्या पाण्यावरची?"

श्रीहर्षने सारु भाताशी कालवलं. खूप वेळ कालवलं. "पाटाच्या," तो म्हणाला. "तलावाच्या."

म्हणजे विहिरीला मातीतून गाळून येतं तेच, न गाळलेलं. कुणी असं म्हटलं नाही. प्रत्येकाने आपापल्या मनात म्हटलं असावं, कारण पाची पानांवर हात एकाच वेळी थांबले. अक्का मात्र जेवत राहिल्या. शिजवलेलं आहे, जंतू मरतात, असं त्या म्हणाल्या. आणि बाकीचं जे काय त्या कागदात आहे ते एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला काय करणार. चटणी त्यांनी मघाशीच पानाच्या कडेला सारून ठेवलेली होती.

मनस्विनी उठली, हात धुतले, गाडीपाशी गेली. दर वेळेसारख्या बारा जुड्या डिकीत तिने स्वतःच भरल्या होत्या, पत्रकांच्या पुडक्यावर. जे. पी. नगरला चार शेजारणी वाट बघत होत्या. मल्याळी बाई पालकाची, कोपऱ्यावरची आजी मेथीची. एकेक जुडी काढून तिने कट्ट्यावर ठेवली. मग आत येऊन ती दिराजवळ उभी राहिली.

"भावजी, मी माझ्या काढल्या. टेम्पो कधी येतो?"

श्रीहर्षने घड्याळाकडे

टेम्पो

पाहायची गरज नव्हती. चार वाजता रोज येतो. मुनियप्पा पंधरा वर्षं येतोय. कापलेली भाजी सावलीला, ओल्या गोणपाटाखाली रचलेली असते, तो रिव्हर्स घेत बांधापर्यंत येतो, शिट्टी वाजवतो, आणि सातपर्यंत ती भाजी शहरात पोचलेली असते. जयनगर, जे. पी. नगर, जिथे गिऱ्हाईक पानांचा आकार बघून घेतं.

श्रीहर्ष बाहेर येऊन उभा राहिला तेव्हा घरातले सगळे पायरीवर आले होते. गोणपाटाखाली आजची कापणी होती. पाच एकरांतली. आत्ता इथे, त्यांच्यासमोर, त्याला कळत होतं की दुपारपासून सगळ्यांनी एकाच मुलीबद्दल बोलणं चालवलं होतं. ती रम्याच्या खांद्यावर झोपली होती. तिचा प्रश्न सुटला होता.

भाजी पाठवायची नाही तर उद्यापासून पाटाचं पाणी बंद. पाटाचं पाणी बंद म्हणजे पाच एकर बंद. मग बोअर. सातशे फूट, आठशे, लागलं तर लागलं. आणि लागलं तर गावात उरलेल्या दोन बोअरचं पाणी त्याच्याकडे येणार, ज्यांतल्या एकावर अक्का जगत होत्या. गावात अशीच चाळीस घरं, सगळ्यांचा तोच पाट, तोच तूबू. आणि तलावात तर ते येतच राहणार. उद्या पहाटे साडेपाचला नळ येईल, सातला जाईल.

विश्वासराव काठी टेकत त्याच्या शेजारी आले. तलावाकडे बघत, भाषणात नसलेली एक गोष्ट त्यांनी सांगितली. हार घातला त्या दिवशी मलाही वास आला होता.

"मग?"

"मग काय. पाणी होतं ते."

टेम्पो रिव्हर्स घेत आला. मुनियप्पाने शिट्टी वाजवली, उतरला, मागची फळी पाडली आणि गोणपाट उचलायला वाकला. आज पान जबरदस्त आहे, साहेब, असं तो कानडीत म्हणाला. पायरीवर एवढी माणसं उभी बघून त्याने बाळाला नमस्कार केला आणि आज गोड काय केलंय असं विचारलं.

श्रीहर्षने गोणपाटावर पाय ठेवला. का ते त्यालाही नीट कळलं नाही. मुनियप्पा वाकलेलाच वर बघत राहिला.

सांगायला पुष्कळ होतं. कागद रम्याच्या हातात होता. मुनियप्पाच्या घरी दोन नातवंडं होती, त्यांतलं एक रांगत होतं, आणि तो रोज जाताना एक जुडी आपली म्हणून वेगळी काढून ठेवायचा.

"नाळे बा," श्रीहर्ष म्हणाला.

मागे दारावर खडूची अक्षरं उन्हात स्वच्छ दिसत होती.

मुनियप्पा सरळ झाला. साहेबांची तब्येत वगैरे बरी आहे ना, असं त्याच्या तोंडावर होतं. आजची भाजी उद्या पिवळी पडेल, हे सांगायची काही गरज नव्हती, ते साहेबांना त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं. त्याने फळी वर केली, कडी लावली, स्टिअरिंगवर बसला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याने विचारलं, "सरी, बरं. उद्या किती वाजता?"

श्रीहर्षने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. पुढे होऊन बोलणारं तिथे कुणी नव्हतं, मघासारखंच.

"नेहमीच्या वेळेला," तो म्हणाला.